सावकाश सरांची बोली

सावकाश सर हे बारामतीतले सगळ्यात हळू चालणारे गृहस्थ होते. भिगवण रस्त्यानं त्यांची स्कूटर निघाली की मागून सायकलवाले यायचे, "रामराम सर" म्हणायचे, आणि सरांनी मान हलवून नमस्कार परत करेपर्यंत कालव्याच्या पुलावर पोचलेले असायचे. वर्गात कुणी धापा टाकत बोलायला लागलं की सर उजवा हात वर करायचे, पंजा हवेतून अलगद खाली आणायचे आणि म्हणायचे, "सावकाश." मुलांनी नाव ठेवलं ते त्यावरून. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कुणी उच्चारलेलं मला आठवत नाही. चाळिशीला आले होते, एकटेच होते. लग्नाचं विचारलं तरी उत्तर तेच, "सावकाश."

आणि या माणसानं आयुष्य वाहिलं होतं ते वेग वाढवायला.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी बारामतीतल्या एका कॉलेजात गणित शिकवत होते. कॉलेजला नुकतेच कॉम्प्युटर आले होते. त्यांची खोली म्हणजे देवघर. चपला बाहेर, खिडक्यांना निळे पडदे, प्रत्येक यंत्रावर शिवून घेतलेली टोपी. पडद्यांतून येणारा उजेड पाण्याखाली असल्यासारखा वाटायचा. गाळपाच्या हंगामात लांबून साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास यायचा, आणि खिडकीतून पाहिलं तर उसाचे तुरे वाऱ्यावर एका बाजूला कलंडलेले दिसायचे. त्या खोलीत सर आले आणि तिथलेच होऊन गेले. ते इंदापूरकडच्या कळंबचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. शिष्यवृत्तीवर मुंबईत शिकले, तिथंच चांगल्या नोकरीत काही वर्षं काढली आणि एक दिवस उठून इकडं आले. का आलात, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "तिकडं खिडकीतून ऊस दिसत न्हवता, मॅडम."

तेव्हा कॉम्प्युटरच्या ज्या भाषा शिकवल्या जायच्या, त्या इंग्रजी शब्दांच्या आणि कडक शिस्तीच्या. एखाद्या नावाखाली काही ठेवायचं तर आधी जाहीर करावं लागे, यात फक्त आकडा राहील किंवा फक्त अक्षरं राहतील. अंथुर्णे, काटेवाडी, इंदापूरकडून एसटीनं येणारी आमची मुलं त्या शिस्तीशी झगडतानाच दमून जायची. म्हणून सरांनी स्वतःच एक भाषा तयार केली. मराठी शब्दांची. 'समज', 'नाहीतर', 'पुन्हा', 'दाखव'. तिचं नाव त्यांनी ठेवलं बोली. सर सांगायचे, "घरात बोलताना आपण आधी सांगतो का, आता मी आकडा बोलणार हाय, मग नाव बोलणार हाय? बोलत सुटतो. समोरचा समजून घेतो. यंत्रानंबी घ्यावं की."

यंत्र समजून घ्यायचं, पण त्याला वेळ लागायचा. बोलीतल्या प्रत्येक ओळीवर ते थांबायचं, हा आकडा आहे की शब्द आहे की यादी आहे हे तपासायचं आणि मग पुढं सरकायचं. "प्रत्येक पिशवीत हात घालून बघावं लागतंय बिचाऱ्याला," सर म्हणायचे, "आत बटाटं हाईत का पुस्तकं. आन् तेबी दर वेळी, त्याच पिशवीत." जे काम दुसऱ्या भाषेत डोळ्याची पापणी लवेपर्यंत व्हायचं, ते बोलीत सुरू करून मुलं कँटीनमध्ये चहा पिऊन यायची. एका वात्रट पोरानं फळ्यावर लिहिलं, 'बोला आणि वाट पाहा.' सरांनी ते वाचलं, हसले, आणि कित्येक दिवस पुसू दिलं नाही.

बोलीला पळवायचं हा त्यांचा ध्यास होता. पण त्यांची पद्धत चालण्यासारखीच होती. त्या खोलीत 'मला वाटतं' या दोन शब्दांना जागा नव्हती. एखादा विद्यार्थी म्हणाला, "सर, मला वाटतं इथं वेळ जातोय," की सर म्हणायचे, "वाटू दे. मोज." मोजण्यासाठी त्यांनी छोट्या प्रोग्रामांचा एक संच केला होता. एक नावांची रांग लावायचा, एक मूळ संख्या शोधायचा, एक चकत्यांचा मनोरा इकडून तिकडं हलवायचा. बोलीत कुठलाही बदल केला की हा सगळा संच चालवायचा, तोही पुन्हा पुन्हा. एकदा मोजून कुणी आनंदानं सांगायला आलं तर सर म्हणायचे, "हे बघणं झालं. मोजणं अजून व्हायचंय."

मीही एकदा त्यांच्या हाती सापडले. मी छातीठोकपणे सांगितलं होतं, की बोलीचा वेळ बेरीज-गुणाकारात जात असणार. गणिताची बाई दुसरं काय म्हणणार? सरांनी वाद घातला नाही. बोलीतला मजकूर वाचून यंत्राला समजावणारा जो दुभाषा प्रोग्राम त्यांनी लिहिला होता, त्याच्या प्रत्येक दालनाच्या दारात त्यांनी जणू एकेक पहारेकरी बसवला, आत कोण किती वेळ होतं ते सांगणारा. आठवडाभरानं मला बोलावलं. बेरजेच्या दालनात फारसं कुणी नव्हतंच. सगळी गर्दी नावं शोधण्यात होती. 'वजन' असं नाव आलं की दुभाषा आपली सगळी नावं पहिल्यापासून अक्षर अक्षर लावून पाहायचा, आणि पुढच्याच ओळीत 'वजन' परत आलं की पुन्हा पहिल्यापासून. सरांनी उपाय केला तो साधा. नाव पहिल्यांदा दिसलं की त्याला एक क्रमांक द्यायचा, पुढं क्रमांकानंच जायचं. त्या दुपारी मनोऱ्याच्या चकत्या अशा भराभर हलल्या, की मुलं बाकांवर चढून ओरडली. सरांनी सगळ्यांना रसवंतीवर नेलं. मुलांचे दोन दोन ग्लास संपले तरी सरांचा पहिलाच अर्धा होता. "गोड हाय," ते म्हणाले. रसाविषयी की बोलीविषयी, ते कळलं नाही.

आनंदाविषयी त्यांना मुळातच संशय होता. एका सकाळी संच चालवला तर सगळेच प्रोग्राम जवळजवळ दुप्पट वेगानं धावले. आदल्या दिवशी सरांनी फक्त एक किरकोळ दुरुस्ती केली होती. मी पेढे आणायला पैसे काढले. सर मात्र यंत्राभोवती फिरत राहिले, बैल विकत घेणारा माणूस फिरतो तसे. शेवटी ते खाली वाकले. तेव्हाच्या यंत्रांना पुढच्या बाजूला 'टर्बो' नावाचं एक बटण असायचं. ते कुणाच्या तरी हातून कधीतरी बंद झालं होतं आणि त्या दिवशी झाडताना पुन्हा दाबलं गेलं होतं. आमची बोली होती तिथंच होती, यंत्र तेवढं जागं झालं होतं. सरांनी मधल्या काळातली सगळी मापं फळ्यावरून पुसून टाकली आणि पहिल्यापासून मोजायला घेतली. चेहऱ्यावर वैताग नव्हता, उलट कसलं तरी समाधान होतं. "बरं झालं पेढं आणलं न्हाईत," एवढंच म्हणाले.

दुपारी वीज जायची. यंत्रं एकदम गप्प व्हायची, पंखे फिरत फिरत थांबायचे, आणि त्या निळसर उजेडात आम्ही तसेच बसून राहायचो. सरांना ती वेळ फार आवडायची. डोळे मिटून ते बोलीविषयी बोलायचे, लहान मुलीविषयी बोलावं तसं. आज ती कुठं अडखळली, कुठं उगाच वळसा घेते. बाहेर कालव्याकाठी कुणीतरी म्हशी धूत असायचं. त्या हाकांत, पाण्याच्या आवाजात आणि सरांच्या संथ बोलण्यात माझे डोळे जड व्हायचे. आज ती वर्षं आठवली की मला ती तशीच आठवतात, अर्धवट झोपेतली.

मग एक वर्ष असं आलं, की बोलीचं नाव बारामतीबाहेर गेलं. आमच्या संस्थेच्या सचिवांच्या ओळखीनं पुण्याची एक कंपनी पैसे घालायला तयार झाली. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या शाळांमध्ये कॉम्प्युटर द्यायचे आणि त्यांवर बोली शिकवायची, असा बेत होता. अट एकच, ती मुलांना खोळंबवणारी नसावी. सरांनी वर्षभर काम करून बोलीचं अंतरंगच बदललं. संचातला प्रत्येक प्रोग्राम पूर्वीपेक्षा कितीतरी पटीनं वेगात धावू लागला. कार्यक्रमाचा दिवस ठरला, मांडव पडला, सचिवांनी स्वतः हार सांगितले.

आदल्या दुपारी सुरेखा आली. अंथुर्ण्याची, शेवटच्या वर्षाची, फार न बोलणारी मुलगी. तिनं बोलीत शब्दांच्या भेंड्यांचा प्रोग्राम लिहिला होता. एक शब्द द्यायचा, त्याच्या शेवटच्या अक्षरावरून दुसरा, त्यावरून तिसरा, आणि जमेल तेवढी लांब साखळी यंत्रानं शोधायची. शब्द सगळे तिच्या गावातले, घरादारातले आणि शेतातले. नव्या बोलीत कसा पळतो ते पाहायला ती हौसेनं आली होती.

प्रोग्राम सुरू झाला. थोडा पळाला आणि थांबला. पुन्हा पळाला, पुन्हा थांबला. ओसरीवर बसलेल्या माणसानं बोलता बोलता डुलकी काढावी तसा. सर पाहत राहिले. त्यांनी तो परत चालवला, मग आणखी कितीदा तरी. मग कपाटातून जुन्या बोलीची फ्लॉपी काढली आणि तीवर चालवला. जुनी बोली हळू होती, पण न थांबता चालत राहिली आणि नवीच्या आधी पोचली.

"सर, माझंच कायतरी चुकलं असंल," सुरेखा म्हणाली.

"तुझं न्हाय, बाई. माझं."

संध्याकाळपर्यंत त्यांना कारण सापडलं. आकडे वेगानं हलावेत म्हणून त्यांनी यंत्राच्या स्मरणातली सगळी मांडणी बदलली होती. तिच्यात वापरून टाकून दिलेले शब्द साचत राहायचे, आणि जागा संपली की यंत्र हातातलं काम ठेवून घर झाडायला घ्यायचं. सरांच्या संचातले प्रोग्राम बहुतेक आकड्यांचे, त्यामुळं हा कचरा कधी दिसलाच नव्हता. "प्रश्नपत्रिका मीच काढली," ते मला म्हणाले, "मीच सोडवली आणि गुणबी मीच दिले. मग पहिला नंबर येणार न्हाय तर काय?"

मी त्यांना समजावलं. म्हटलं, "सर, उद्या तुमचा संच दाखवा. बोली शाळांत जाऊ दे. दुरुस्ती नंतर करता येईल. ही संधी परत यायची नाही."

त्यांनी जुनी फ्लॉपी पाकिटात घालून ठेवली. मग म्हणाले, "मॅडम, शाळेत एखादं पोर असं असंल, ज्याला आकडं आवडत न्हाईत, शब्द आवडतात. ते यंत्रापुढं बसंल आणि त्याला वाटंल, आपल्यालाच जमत न्हाय. आत्ता सुरेखाला वाटलं तसं."

दुसऱ्या दिवशी मांडवात त्यांनी आधी आपला संच चालवला. टाळ्या पडल्या. मग त्यांनी सुरेखाचा प्रोग्राम चालवला, नव्या बोलीत आणि जुन्यातही. मांडव हळूहळू शांत होत गेला. सरांनी कारण सांगितलं, अगदी साध्या शब्दांत, एक वाक्य झालं की थोडं थांबून. कंपनीचे साहेब सभ्य होते. म्हणाले, "पण सर, सगळ्यांची सरासरी काढली तर वेग वाढलाच आहे ना?"

"वाढलाय. पण सरासरीत सुरेखाचा प्रोग्राम दिसत नाही, साहेब."

साहेबांनी चहा घेतला, हात मिळवला आणि ते पुण्याला गेले. पुन्हा आले नाहीत. सचिवांचा चेहरा लाल झाला होता. "अहो, तुम्हाला हे आजच सांगायचं होतं?" ते म्हणाले. सर म्हणाले, "कालच कळलं, साहेब." यात उद्धटपणा मुळीच नव्हता. ते खरोखरच प्रश्नाचं उत्तर देत होते. सुरेखा मांडवामागं रडत होती. सर तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण त्यांचा पंजा हवेतून अलगद खाली येताना मी पाहिला.

त्यानंतर त्यांनी दारावर एक कागद लावला, 'तुमचा सगळ्यात रखडणारा प्रोग्राम घेऊन या.' रविवारी मुलं येऊ लागली. एकाचा कुस्त्यांच्या जोड्या लावणारा, एकाचा पंचांग मांडणारा, एकीचा रांगोळी काढणारा. सरांनी स्वतःचा संच मोडला आणि मुलांच्या प्रोग्रामांचा नवा केला. त्यावर बोली घासूनपुसून घेतली. घर एकदम न झाडता येता-जाता थोडं थोडं झाडायला यंत्राला शिकवलं. दीड-दोन वर्षांनी बोली सगळ्यांसाठीच वेगवान झाली. डोळे दिपवणारी नव्हे, पण कुणाला न अडवणारी. सुरेखाचा प्रोग्राम तर एका दमात धावला. तोवर ती नोकरीला लागून पुण्याला गेली होती. सरांनी तिला मुद्दाम बोलावून तो दाखवला. ती हसली आणि म्हणाली, "सर, आता मलाच त्याला 'सावकाश' म्हणावं लागतंय."

तोवर कॉलेजनं नवी यंत्रं घेतली, नवा अभ्यासक्रम आणला. बोलीचा तास वेळापत्रकातून गेला. सर भांडले नाहीत. कॉलेजात नुकतीच ई-मेलची सोय झाली होती. तीवरून त्यांनी आपल्या कामाविषयी परदेशातल्या एका विद्यापीठात लिहिलं होतं. तिथली मंडळी अशाच एका मोकळ्या, समजून घेणाऱ्या भाषेचा वेग वाढवत होती. त्यांनी सरांना दोन वर्षांसाठी बोलावलं. निघताना बारामतीच्या स्टँडवर ते मला म्हणाले, "मधूनमधून कळंबला आबांकडं चक्कर मारा, मॅडम. मी तितं काय करणार ते त्यांना नीट सांगता आलं न्हाय मला."

त्यांच्या वडिलांना मी तोवर पाहिलं नव्हतं. पौषातल्या एका रविवारी गेले. कालव्यावर धुकं होतं, घर उसाच्या कडेला. आबा उन्हात घोंगडी अंथरून बसले होते. सरांची बहीण रत्नाताई त्यांना सांभाळायची. मेंढरं कधीच विकून झाली होती, पण आबांची नजर अजून लांब माळाकडं लागलेली असायची. सरांचा संथपणा कुठून आला ते मला त्यांना पाहताच कळलं. एकेक शब्द जागा शोधून ठेवल्यासारखा ठेवायचे.

"पोरगं तितं काय करतंय?" त्यांनी विचारलं.

"भाषेचा वेग वाढवतात, आबा. यंत्राची भाषा असते. ती हळू चालते. सर तिला पळायला लावतात."

आबांनी विचार केला. "भाषा कशी हळू असंल? बोलणारा हळू असतोय." मग थोड्या वेळानं, "हितं असताना बी त्येच करत हुता?"

"व्हय, आबा."

"लई वरीस झाली की. अजून झाली न्हाय का ती वेगात?"

या कामाला शेवट नसतो, एक गाठ सुटली की पुढची दिसते, हे मला माहीत होतं. पण ते थकलेले डोळे पाहून मी म्हटलं, "होत आली, आबा."

आबा खुलले. आत वळून म्हणाले, "रत्ने, त्याची खोली झाडून ठिव. होत आली म्हंत्यात. यील आता."

पुढच्या वेळी सरांचा फोन आला तेव्हा मी हे सगळं त्यांना सांगितलं. परदेशचा फोन, मिनिटागणिक पैसे जायचे, तरी त्यांनी आबांचं शेवटचं वाक्य मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला.

मुदत संपायच्या बऱ्याच आधी, होळीच्या सुमाराला, ते आले. त्यांना आणायला मी आणि माझे यजमान कळंब फाट्यावर गेलो होतो. एक बॅग घेऊन ते एसटीतून उतरले आणि आपल्या नेहमीच्या चालीनं बांधावरून घराकडं निघाले, आम्ही त्यांच्या मागोमाग. आबा आता अंथरुणाला खिळले होते. सर त्यांच्या उशाशी जमिनीवर बसले. आबांनी त्यांचा हात चाचपला, ओळखला.

"झाली का रं?"

"झाली, आबा."

"पळती का?"

"पळती. लई चांगली पळती."

"मग बस आता," आबा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

सर बसले. वैशाखापर्यंत तिथंच बसले. आबांना भरवणं, कूस बदलून देणं, संध्याकाळी बाज अंगणात काढणं. त्या महिन्यांत त्यांनी एकाही यंत्राला हात लावला नाही. आबा गेल्यावर ते पुन्हा परदेशी निघाले, या खेपेला कायमचे. जाण्याआधी आम्ही कालव्याच्या कडेनं थोडं चाललो. पाणी संथ होतं, वर उसाच्या पात्यांची हिरवी सावली पडलेली. मला चाल मुद्दाम कमी करावी लागत होती.

"मॅडम," ते म्हणाले, "खरं तर झालेली न्हाय. अजून बरीच मंद हाय."

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

आबांना दिलेलं ते 'झाली', मोजल्याशिवाय त्यांनी दिलेलं तेवढं एकच उत्तर मी ऐकलं. ते चूक होतं, असं मला आजही म्हणवत नाही.